कॉलरखालचं दुखणं

रत्नाबाईचा यात फायदा काय होता ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणायचं, बिचारी भोळी होती. साधी होती, भोळी मुळीच नव्हती.

सालवडला ठेकेदाराच्या कॅम्पात तेव्हा बाबू लोकांच्या पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा होत्या. तिकडे समुद्राकाठी अणूवर चालणारं वीजघर उभं राहत होतं. इकडे त्याच्या सिमेंटच्या गोण्यांची नोंद ठेवणारे, हजेऱ्या लावणारे आणि बिलं लिहिणारे लोक पांढरे शर्ट घालून चिखलातून हिंडत होते. पांढरा शर्ट आणि बांधकामाचा चिखल एका जागी नांदायला लागले, की परटाच्या घरात लक्ष्मी येते. दसऱ्यानंतर कॅम्पाची सगळी धुलाई एका घराला कायमची देऊन टाकायची आणि त्या घरासाठी मागच्या बाजूला सिमेंटचा कट्टा नि नळ बांधून द्यायचा, असं मॅनेजरसाहेब चहा पिता पिता बोलून गेले होते. त्यांचा चहा संपला आणि ते विसरलेही असतील. रत्नाबाई विसरली नाही. पाथर्डीकडच्या कोरड्या गावातून आलेली परटीण ती. तिच्या आईनं जन्म शेरडाच्या मागं चालावं तसा पाण्यामागं चालून काढला होता. ‘स्वतःचा नळ’ या दोन शब्दांपुढं तिला पंढरीचं राज्य दिलं असतं तरी तिनं आधी विचारलं असतं, तिथं नळ आहे का.

तोवर पाणी झिपरू आणत होता. झिपरू बाजूच्या पाड्यावरचा वारली. मळ्यातल्या विहिरीवरून कावड भरायची, कॅम्पाच्या खानावळीचे पिंप भरायचे, आणि जाता येता रत्नाबाईच्या टाकीतही ओतायचं, असा त्याचा दिवस. कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं, बाकी अंग उघडं. बोलणं जवळजवळ नाही. रत्नाबाईला असा माणूस फार आवडे, कारण तिच्या घरात बोलणारा एक होताच.

तो म्हणजे तिचा नवरा, रामकिसन. इस्त्री छान करायचा, त्याहून छान गप्पा मारायचा, आणि दर आठवड्याला एकदा अंगाला खोबरेल चोपडून पालघरच्या बाजारात जायचा. काय आणायला, ते आल्यावरही कळायचं नाही.

सगळं सुरू झालं ते सहासष्टच्या पावसाळ्यात, हेडक्लार्क मेढेकर आणि टाइमकीपर रेगे यांच्या भांडणावरून. दोघांचे शर्ट सारखे. रेग्यांना मेढेकरांचा गेला, मेढेकरांना रेग्यांचा. मेढेकर पोटानं भरलेले. रेग्यांचा शर्ट त्यांनी ऑफिसात खुर्चीवर बसता बसता बगलेत उसवला, आणि सगळ्या कारकुनांनी तो आवाज ऐकला. मॅनेजरसाहेबांनी रत्नाबाईला बोलावलं.

“बाई, प्रत्येकाच्या कपड्यावर खूण घालत जा. नाहीतर माझी माणसं कामाऐवजी शर्ट ओळखत बसतील.”

“घालते साहेब. आमच्यात रीतच हाय. बिब्ब्याची खूण जन्मात जात न्हाई.”

रत्नाबाईला अक्षर येत नव्हतं, पण खूण करायला अक्षर लागतंच कुठं. हेडक्लार्कांना दोन उभ्या रेघा आणि खाली टिंब. स्टोअरकीपर चुरींना फुली. रेग्यांना नुसता त्रिकोण. बिब्बा दिव्यावर शेकायचा, दाभणानं टोचायचा, त्याच्या तेलानं कॉलरच्या आतून बारीक खूण ओढायची, वरून चुना फासायचा आणि कडक उन्हात वाळत टाकायचं. सासूनं शिकवलेलं. चुना आणि ऊन मिळालं की बिब्बा काळा पडून मुकाट बसतो.

पण ऑगस्टात बोईसर-सालवडला ऊन मागायचं कुणाकडं? शर्ट खोलीत दोरीवर, शेगडीच्या धगीवर वाळत होते. चुन्याची डबी संपली तेव्हा तिनं रामकिसनला सांगितलं, बाजारातून आणा. तो आला, आणि चुन्याऐवजी बाजारात कोण कोण भेटलं याची बातमी घेऊन आला.

“चुना कुठंय?”

“अगं, चुना पानाला लावत्यात. कापडाला कशापायी? खूण दिसतीया की.”

खूण दिसत होती हे खरं. कपडे द्यायची वेळ झाली होती हेही खरं. तिनं घड्या घातल्या आणि दिले.

पुढं आठवडा गेला नसेल, तोच कॅम्पात गळपट्ट्यांचा हंगाम आला.

आधी चुरी रुमाल मानेला गुंडाळून आले. मग रेग्यांनी मफलर काढला. भर पावसाच्या उकाड्यात मफलर. हेडक्लार्क कॉलर उभी करून बसू लागले, सिनेमातल्या खलनायकासारखे. कपडे आणायला-द्यायला जाताना रत्नाबाईला सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं. गंमत अशी, की एकानंही दुसऱ्याला मान दाखवली नाही. दाखवायचं नावच नको. जो तो आपलं दुखणं चारचौघांत सांगता येईल अशा नावानं सांगत होता.

“मला उष्णता झालीय,” चुरी म्हणाले. “माझी प्रकृतीच तशी. सब्जा घेतोय.”

“माझा नायटा आहे, जुना,” रेगे म्हणाले. “कॉलेजात असताना झाला होता. काळं मलम लावतोय.” ते मलम इतकं झोंबणारं होतं, की लावताना रेगे बंद दाराआड पाय आपटत आणि शेजारच्यांना वाटे, कवायत चाललीय.

हेडक्लार्क मेढेकरांचं एवढ्या हलक्या नावानं समाधान होणं शक्य नव्हतं. त्यांनी आवाज खाली आणला. “किरण. अणूचे किरण. मी आठवड्यातून एकदा बिलं घेऊन साइटवर जातो ना. वर्तमानपत्रात वाचलंय मी. आधी कातडी जाते.” आणि याच कारणावर पुण्याला बदली मागणारा अर्जही त्यांनी टाइप करून ठेवला, कारण पुण्याला त्यांची सासुरवाडी होती आणि सासूच्या हातचं जेवण होतं.

खानावळीत मात्र चौथंच नाव फिरत होतं, आणि ते नाव कुणी मोठ्यानं घेत नव्हतं. मफलरवाले एकमेकांकडं बघत, आणि मग त्यांची नजर पिंपाशी वाकलेल्या झिपरूकडं जाई. झिपरूच्या पाठीवर आणि छातीवर फिकट डाग होते, कुणी पिठाचा हात मारावा तसे. ते कॅम्पात आल्या दिवसापासून होते. इतके दिवस कुणाला दिसले नव्हते, आता सगळ्यांना दिसायला लागले. शर्ट घातलेल्यांची कातडी शर्टात लपलेली. अख्ख्या कॅम्पात उघडी पाठ एकच.

“महारोग असाच सुरू होतो,” चुरी म्हणाले. “आणि आपण त्याच्या हातचं पाणी पितोय.”

मॅनेजरसाहेबांनी पालघरच्या डॉक्टरांना निरोप धाडला, आणि डॉक्टर येईपर्यंत झिपरूनं कॅम्पात पाऊल टाकायचं नाही असं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी पिंप भरायला टँकर आला. रत्नाबाईच्या टाकीत कुणीच ओतलं नाही.

ती मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर हंडे आणायला लागली, आणि हंड्याबरोबर तिचा पाराही चढत गेला. तिसऱ्या खेपेला घरात शिरली तर रामकिसन आरसा हातात धरून, मान वाकडी करून, पाठीमागचं बघायची खटपट करत होता.

“काय झालं?”

“काय न्हाई. घामोळं.”

“बघू.”

“अगं म्हटलं ना, घामोळं.”

रत्नाबाईनं त्याच्या गळ्याभोवतीचा रुमाल ओढला. मानेच्या मणक्यावर कातडी लाल होऊन फुगली होती, बारीक पाण्याचे फोड आले होते, काही फुटून खपली धरत होते. ते घामोळं नव्हतं. लहानपणी शेजारच्या गोदाक्काच्या हातावर असंच पाहिलं होतं तिनं, बिब्बे फोडताना. बिब्बा उतला, म्हणजे त्याचं तेल बाधलं, की कातडी अशी बोलते. आणि त्या लालीला आकार होता. दोन उभ्या रेघा. खाली टिंब.

तिनं त्या रुमालाची सावकाश घडी घातली. रामकिसनला ते ओरडण्यापेक्षा अवघड गेलं.

“अवो,” ती शेवटी म्हणाली, “तुम्ही हेडक्लार्कसाहेबाचा शर्ट घालून पालघरला गेला व्हता.”

“एकदाच.”

“कोणता?”

“टेरेलिनचा.” मग जरा वेळानं, “इस्त्री कशी बसलीय ते बघाय नको?”

त्याला ती चोरी वाटत नव्हती, ही खरी पंचाईत. त्याच्या बापानं पाटलाचं धोतर नेसून तीन लग्नांत मिरवून घेतलं होतं. धुतलेलं कापड एकदा अंगावर घालून बघायचं ही त्यांच्या घरची कसोटी. रत्नाबाईला त्या कसोटीचा आजवर राग येत होता. आता तिला घाम फुटला.

कारण तिला सगळं कळलं होतं. उष्णता, नायटा, किरण आणि ते चौथं नाव, सगळं तिच्या दाभणाच्या टोकाला होतं. उठून कॅम्पात जाऊन एक वाक्य बोलायचं, की मंडळी, तुमच्या मानेवर बिब्बा उतलाय, खोबरेल लावा. झिपरू संध्याकाळी पाणी भरायला आला असता. पण त्या एका वाक्यापाठोपाठ दुसरं आलं असतं, की मग परटिणीच्या नवऱ्याच्या मानेवर मेढेकरांची खूण कशी? आणि तिसरं मॅनेजरसाहेब बोलले असते, की बाई, तुमचं बिऱ्हाड उचला. कट्टा गेला, नळ गेला, आणि परत पाथर्डी, जाऊबाई सोजराबाईच्या अंगणात, तिच्या रांजणातलं पाणी तिला विचारून घ्यायचं.

डॉक्टर येतीलच, असं तिनं मनाशी म्हटलं. त्यांना कळतंच ते. आपण कशाला मधे तोंड घालायचं.

त्या दुपारी भागी आली. झिपरूची बायको. दाराबाहेर उकिडवी बसली, आत आली नाही.

“बाय, माज्या नवऱ्याला काडला.”

“ऐकलं बाई.”

“अंगावं डाग हाय म्हणतात. तो डाग तं लगनापासून हाय. पावसात उटते, उनात जाते. मी त्याच्याजवळ निजते, माला कुठं झाला? पोराला कुठं झाला?”

“डॉक्टर यायचाय. तो सांगंल.”

“डाक्तर सांगल तवर आमी काय खाऊ?” भागीनं आत बघितलं. रामकिसन रुमाल बांधून इस्त्री करत होता आणि मधूनच खांदा मानेला घासत होता. “तुज्या घरवाल्याला बी खाज हाय. त्याला नाय काडला.”

“त्यांना घामोळं झालंय,” रत्नाबाई म्हणाली.

भागी उठून गेली. रत्नाबाई दिवसभर सगळ्यांवर चिडत होती: रामकिसनवर, चुन्यावर, पावसावर, मेढेकरांच्या पोटावर. कुणावर चिडायचं राहिलं होतं तेही तिला ठाऊक होतं, पण तिकडं ती फिरकली नाही.

डॉक्टर पाध्ये आले ते दोन तास उशिरा, चिखलात रुतलेल्या जीपला शिव्या घालत. म्हातारा, काटक माणूस. आयुष्यभर लोकांचं अंग बघून लोकांवरचा विश्वास उडालेला. खानावळीत टेबल मांडलं होतं. रत्नाबाई धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली. रामकिसन तिच्या मागं.

“मला उष्णतेचा…” चुरींनी सुरुवात केली.

“नाव सांगू नका,” डॉक्टर म्हणाले. “सकाळपासून येतो तो नाव घेऊन येतो. नावच ठरवून आणायचं तर मला कशाला बोलावता, पुरोहिताला बोलवा. कातडी दाखवा. आधी तो पाणीवाला कुठाय?”

झिपरूला बोलावून आणलं. तो दारातच उभा राहिला. भागी त्याच्या मागं. डॉक्टरांनी त्याला उजेडात घेतलं, डोळे मिटायला लावले, आणि कापसाच्या बोळ्यानं त्याच्या डागांना हळूच शिवू लागले. जिथं कापूस लागे तिथं झिपरू बोट ठेवी. एकदाही चुकला नाही.

“महारोगाच्या डागाला लागलेलं कळत नाही. याला कापूससुद्धा कळतो.” डॉक्टरांनी नखानं डाग खरवडला. कोंड्यासारखा बारीक भुसा पडला. “हे शिबं. घाम आणि दमट हवा. तुमच्यातल्या निम्म्यांच्या पाठीवर निघेल, शर्टाखाली. कोड असतं तर दुधासारखं पांढरं असतं आणि भुसा पडला नसता. झालं. याच्यात घाबरण्यासारखं काय आहे? पाणी प्या याच्या हातचं, बघायचंच तर त्या टँकरचं बघा. आता तुम्ही. गळ्यातली फडकी काढा.”

कुणी हललं नाही.

“काय लग्नाच्या नवऱ्या आहात?” डॉक्टर म्हणाले. “काढा.”

मफलर उतरले, कॉलरी खाली आल्या. पहिल्यांदाच कॅम्पानं एकमेकांच्या माना बघितल्या. डॉक्टर एकापाठोपाठ एक सगळ्यांच्या मागून चालत गेले. मग परत फिरून पुन्हा चालत आले. रेग्यांच्या मानेपाशी थांबून त्यांनी चष्मा पुसला.

“नायटा गोल पसरतो, कड वर येते, मधला भाग निवतो. खरूज बोटांच्या बेचक्यात बसते आणि घरातल्या सगळ्यांना रात्री जागवते. पण त्रिकोण काढणारा रोग मी पन्नास वर्षांत पाहिला नाही. तुमच्या मानेवर त्रिकोण आहे.”

“त्रिकोण?” रेगे म्हणाले.

“यांच्यावर फुली. रोगाला पट्टी धरून रेघ ओढता येत नाही, बाबांनो. हे कुणीतरी लिहिलंय.”

“डॉक्टर,” मेढेकर म्हणाले, “किरणांचा परिणाम असा…”

“तिथं अजून नुसतं काँक्रीट आहे. काँक्रीटमधून किरण येत असतील तर तुमच्या घराच्या ओट्यापासूनही जपून राहा. तुमचा परीट कोण?”

सगळ्या माना भिंतीकडं वळल्या. रत्नाबाईनं गठ्ठा खाली ठेवला. वरच्या शर्टाची कॉलर उलटून तिनं डॉक्टरांपुढं धरली.

“बिब्बा हाय, साहेब. चुना न्हवता. ऊन न्हवतं.”

“आणि तुम्हाला कधी कळलं?”

तिनं उलटलेली कॉलर सरळ केली. डॉक्टरांनी उत्तराची वाट बघितली नाही. त्यांची नजर तिच्या मागच्या रुमालावर गेली होती. “तुम्हीही काढा.”

रामकिसननं रुमाल सोडला. मेढेकर पुढं वाकले. त्यांनी ती खूण नीट, जवळून पाहिली. स्वतःच्या शर्टाची कॉलर उलटून पाहिली. पुन्हा मान पाहिली. माणसाला स्वतःची सही दुसऱ्याच्या हातची दिसावी तसा त्यांचा चेहरा झाला.

“ही माझी आहे,” ते म्हणाले. “कुठला शर्ट?”

“टेरेलिनचा, साहेब,” रामकिसन म्हणाला. “फार छान बसतो खांद्यात.”

चुरी हसले. मग रेगे हसले. मग मॅनेजरसाहेबही हसले, आणि तिथंच रत्नाबाईला कळलं की आपल्याला काढणार नाहीत. ज्याच्यावर हसून झालं त्याला सहसा काढत नाहीत. मेढेकरांनी काढा काढा म्हणून बराच तगादा लावला, पण मॅनेजरसाहेबांनी एकच विचारलं: उद्यापासून तुमचा शर्ट कोण धुणार, बोईसरला दुसरा परीट आहे का? नव्हता. बिब्बा बंद, रंगीत दोऱ्याचे टाके घालायचे, रामकिसननं गिऱ्हाइकाचं कापड अंगाला लावलं तर इस्त्री जप्त, असं ठरलं. डॉक्टरांनी खोबरेल आणि एक पांढरं मलम लिहून दिलं आणि जीपमध्ये बसता बसता म्हणाले, त्या पाणीवाल्याला आजपासून कामावर घ्या.

मॅनेजरसाहेब हो म्हणाले. जीप गेल्यावर त्यांनी चहा मागवला.

“डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे,” ते चुरींना म्हणाले. “पण लोकांच्या मनात एकदा बसलं ना. खानावळवाला कुरकुर करतोय. तसंही ह्या कावडीवर किती दिवस काढायचे? मुख्य पाइप इथवर आलाच आहे. खानावळीला एक तोटी आणि मागं धोब्याला एक, दोन्ही याच महिन्यात टाकून घ्या. मग पाणक्या लागतोच कशाला.”

रत्नाबाई दारात उभी होती. तिला सगळं ऐकू आलं.

दसऱ्याच्या आधीच कट्टा झाला. सिमेंट ओलं असतानाच तिनं त्याला हात लावून पाहिला. पहिल्यांदा नळ सोडला तेव्हा पाणी तांबूस आलं, मग स्वच्छ आलं. रामकिसन बाजूला उभा राहून सगळ्यांना सांगत होता, की नळ त्याच्यामुळं आला. त्याची मान उतली नसती तर डॉक्टरना कळलंच नसतं. रत्नाबाईला त्याच्या अंगावर बादली ओतावीशी वाटली. तिनं ओतली नाही, कारण त्यातही थोडं खरं होतं; त्यानं चुना आणला असता तर नळ इतक्यात आला नसता.

दुसऱ्या दिवशी तिनं एक चांगलं लुगडं आणि तांदूळ फडक्यात बांधून पाड्यावर नेले. झोपडीला बाहेरून काठी लावलेली होती. शेजारच्या बायडीनं सांगितलं, झिपरू आणि भागी पोराला घेऊन मनोरकडं गवत कापायला गेले. तिथून पुढं कुठं, कोण जाणे.

“परत येतील तवा हे त्यांना द्या,” रत्नाबाई म्हणाली.

“भागी बोलली व्हती,” बायडी म्हणाली, “परटीण काय देल तं नाय घ्यायचा.”

रत्नाबाई गाठोडं घेऊन परत आली.

तेव्हा हिशेब असा लागतो. चुरींची उष्णता गेली, सब्जाही गेला. रेग्यांच्या मानेवर मलमानं भाजलेला डाग राहिला, पण तो त्यांचा त्यांनी करून घेतला. मेढेकरांची पुण्याची बदली किरणांबरोबर विरली. पण त्यांना टेरेलिनचा शर्ट परत मिळाला आणि त्याला आता कुणी हात लावत नाही. रामकिसनची मान खोबरेलानं बरी झाली. डॉक्टरांना फी मिळाली. रत्नाबाईला नळ मिळाला, पाहिजे होता तसा, दारासमोर, दिवसभर वाहणारा. ज्या एका माणसाच्या अंगाला ना शर्ट लागला होता ना बिब्बा, त्या झिपरूनं सगळ्यांचं देणं भरलं.